शिवणींतील माया

कापड बेतून झालें म्हणजे शिंपी खडूच्या रेघेवर कात्री चालवीत नाहीं. रेघेच्या बाहेर बोट-दीड बोट जागा सोडून ती चालवितो. ही सोडलेली पट्टी शिवणीच्या आंत दुमडली जाते आणि कपडा अंगावर चढल्यावर कोणालाही दिसत नाहीं. मराठी शिंप्याच्या बोलींत तिला ‘माया’ म्हणतात. वेदान्त्याची माया निराळी, आईची निराळी; शिंप्याची माया इंचांत मोजतां येते. परंतु तिचें कार्य लहान नाहीं. मनुष्य वाढतो, सुटतो, वाळतो. त्याचा कपडा पुढें धाकट्या भावाच्या अंगावर जातो. अशा प्रत्येक प्रसंगीं शिवण उसवून कपडा नव्या अंगास जुळवितां येतो, तो या आंत राहिलेल्या कापडाच्या बळावर. पुणें जिल्ह्याच्या पूर्वेस असलेल्या बारामती व इंदापूर या तालुक्यांतील पुरुषांच्या नित्याच्या पोषाखाचा इतिहास पाहूं गेल्यास, तो बऱ्याच अंशीं या मायेच्या वाढीचा व ऱ्हासाचा इतिहास आहे असें आढळून येईल.

हा मुलूख मूळचा कमी पावसाचा. दक्षिणेस नीरा, बारामतीजवळून वाहणारी कऱ्हा, इंदापुराच्या उत्तरेस व पूर्वेस भीमा, आणि मधल्या माळांवर ज्वारी, बाजरी व मेंढरें. येथील कष्टकरी पुरुषाच्या अंगावर शिवलेलें वस्त्र पूर्वीं फार थोडें असे. धोतर, पागोटें आणि खांद्यावरची घोंगडी या तिन्ही वस्तू मापून बेतलेल्या नसतात. बापाचें धोतर मुलगा नेसतो तेव्हां दोन निऱ्या अधिक पडतात, इतकेंच. नेसण्याच्या वस्त्रास ‘बसत नाहीं’ हा दोष मुळींच ठाऊक नाहीं.

शिवलेले कपडे होते त्यांची घडणही अशीच सोशिक होती. बंडी, कोपरी, बाराबंदी आणि थोरामोठ्यांचा अंगरखा हे त्यांतील मुख्य. बाराबंदीला बारा बंद, म्हणून तें नांव. बंद आवळला कीं कपडा अंगाशीं येतो, सैल बांधला कीं दूर राहतो. जेवणानंतर, आजारानंतर किंवा उतारवयांत पोटाचा घेर बदलला तरी गांठ दोन बोटें पुढें-मागें बांधली म्हणजे काम भागे. कपडा अंगास बसविण्याचें काम शिंप्याच्या सुईपेक्षां घालणाऱ्याच्या बोटांकडे अधिक होतें. अंगरख्याची कापणीही सरळ पट्ट्यांची. घेरासाठीं कळ्या आणि काखेंत हात मोकळा राहावा म्हणून वेगळा तुकडा. अंगाचीं वळणें हेरून कापड कोरून काढण्याची रीत त्यांत फारशी नव्हती, आणि म्हणून कापड वायाही कमी जाई. पेशवाईंत बारामती हें बाबूजी नाइकांचें ठाणें होतें व त्यांच्या आश्रयानें मोरोपंतांनीं (१७२९–१७९४) तेथें आयुष्य घालविलें. त्या काळच्या दरबारी मंडळींचे अंगरखे आणि शेतकऱ्याची बंडी यांत कापडाचा व घेराचा भेद मोठा होता. परंतु बंदांचें तत्त्व दोहोंतही एकच होतें.

हे कपडे शिवणारा शिंपी गांवगाड्यांत अलुतेदारांपैकीं गणला जाई. त्रिंबक नारायण आत्रे यांनीं ‘गांव-गाडा’ या १९१५ सालच्या ग्रंथांत या सर्व व्यवस्थेचें तपशीलवार वर्णन केलें आहे. सुतार, लोहार, चांभार यांच्यावांचून शेती चालत नाहीं. म्हणून त्यांचें बलुतें बळकट. शिंप्याची गरज मात्र लग्नकार्याला, सणाला, क्वचित् थंडीच्या आरंभीं. त्यामुळें त्याचा हक्कही दुबळा आणि मिळकतही अनियमित. लग्नघरीं तो ओसरीवर बैठक मांडी आणि घरांतील लहानथोरांचे कपडे तेथेंच शिवून देई. घरांतील माणसें त्याच्या समोर वावरत. कोणाची पाठ वांकली आहे, कोणाचा एक खांदा उतरता आहे, कोणता मुलगा झपाट्यानें वाढतो आहे, हें तो नुसत्या नजरेनें टिपून ठेवी. या नजरेला पुढें मोठें मोल येणार होतें.

या व्यवसायाला महाराष्ट्रांत एक मोठें वैभवही लाभलें आहे. संत नामदेव (१२७०–१३५०) शिंपी कुळांतले. शीख पंथाच्या गुरु ग्रंथ साहेबांत त्यांचीं जीं पदें आहेत त्यांत गज व कात्री यांचीं रूपकें आलेलीं आहेत. आषाढी वारीस निघालेली तुकोबांची पालखी बारामती, सणसर, निमगांव केतकी, इंदापूर, सराटी या वाटेनेंच पंढरीकडे जाते. म्हणजे या दोन तालुक्यांच्या पेठांतून नामदेवाच्या नांवाचा गजर दर वर्षीं होतो. पण लोकव्यवहार विचित्र असतो. नामदेवापुढें हात जोडणाऱ्या याच समाजानें “सोनार, शिंपी, कुळकर्णी अप्पा, यांची संगत नको रे बाप्पा” अशी म्हणही रचून ठेविली. सोनार सोनें चोरतो, कुळकर्णी जमीन, आणि शिंपी कापड, असा तिचा रोख. दिलेल्या कापडांतून किती अंगावर आलें आणि किती शिंप्याच्या पेटींत गेलें याचा हिशेब गिऱ्हाइकाला मांडतां येत नसे, आणि संशयाचें मूळ तेंच होतें. कातरणींतून एखादी टोपी निघालीही असेल. परंतु जें कापड ‘नाहींसें झालें’ असें वाटे, त्यांतलें कितीतरी मालकाच्याच कपड्यांत, शिवणीच्या आंत, त्याच्याच पुढच्या गरजेसाठीं ठेविलेलें असे. चोरीचा आळ आणि मायेची ठेव या दोन गोष्टी एकाच बोटभर पट्टीवरून निघाल्या, हें त्या म्हणीनें कधीं सांगितलें नाहीं.

कापड ही घरांतील ठेव आहे ही समजूत या भागाला परिस्थितीनेंच शिकविली. त्या काळच्या भीमथडी तालुक्यांत असलेलें सुपें हें गांव आतां बारामती तालुक्यांत मोडतें. तेथें १२ मे १८७५ रोजीं बाजाराच्या दिवशीं रयतेनें सावकारांवर चाल केली, त्यांचीं खतें व वह्या जाळल्या आणि दुकानें लुटलीं. दख्खनच्या दंग्यांस आरंभ झाला तो येथून. पुढच्याच वर्षीं पावसानें दगा दिला आणि १८७६ ते १८७८ चा भयंकर दुष्काळ आला. धान्य महाग झालें म्हणजे घरचा खर्च प्रथम कापडावर तोडला जातो. म्हणून विणकर आणि शिंपी यांची चूल दुष्काळाच्या पहिल्याच झपाट्यांत थंडावते. अशा वर्षीं नवा कपडा शिवणें संभवत नाहीं. आहे तोच उसवून, जोडून, ठिगळ लावून चालवावा लागतो. मोठ्याचा सदरा लहानाला, लहानाचा त्याहून लहानाला, आणि अखेर चिंध्या गोधडींत, असा कापडाचा प्रवास असे. ज्या कपड्यांत माया अधिक, त्याचा हा प्रवास अधिक लांबे.

याच सुमारास एका परदेशी यंत्रानें हिंदुस्थानांत प्रवेश केला. अमेरिकेंत इलायस हौ यानें १८४६ मध्यें व आयझॅक सिंगर यानें १८५१ मध्यें शिवणयंत्राचे हक्क नोंदविले. १८७० नंतरच्या दशकांत सिंगर कंपनीचीं यंत्रें येथें विकलीं जाऊं लागलीं. पुढें १९३० नंतरच्या दशकांत कलकत्त्याच्या जय इंजिनिअरिंग वर्क्सचें ‘उषा’ हें देशी यंत्र बाजारांत आलें. यंत्रांविषयीं साशंक असलेल्या गांधीजींनींही १९२४ सालच्या एका संभाषणांत शिवणयंत्राचा अपवाद केला. पत्नीचे कष्ट पाहवेनात म्हणून सिंगरनें प्रेमापोटीं हें यंत्र रचलें, असें ते म्हणाले. सिंगरचें चरित्र या कथेस अनुकूल नाहीं. पण या यंत्राचा गुण गांधीजींनीं बरोबर हेरला होता. हें यंत्र एका माणसाच्या हातापायांनीं चालतें, आणि कारागिराला गिरणीच्या दारांत न नेतां त्याच्याच ओसरीवर राहूं देतें.

यंत्राबरोबर कपड्याचा घाटही पालटला. बंदांच्या जागीं गुंडी आणि काज आलें. अंगरख्याच्या जागीं लांब कोट, बाराबंदीच्या जागीं सदरा, आणि कांहीं वर्षांनीं धोतराच्या जागीं विजार. वरकरणीं ही नुसती रुचीची बाब वाटते, परंतु तिचा अर्थ खोल आहे. बंद मागें-पुढें सरकतो. गुंडी जेथें टांकली तेथेंच राहते. गुंडीचा कोट एका विशिष्ट दिवशींच्या विशिष्ट अंगासाठीं शिवलेला असतो, आणि अंग तर त्या दिवशीं थांबत नाहीं. छाती, कंबर, बाही, मुंढा, उंची यांचीं मापें घेणें अपरिहार्य झालें. युरोपांतही एकोणिसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत शिंपी कागदाची पट्टी गिऱ्हाइकाच्या अंगाशीं धरून तीवर खांचा पाडीत. इंचांची फीत सर्रास झाली ती त्यानंतर. येथेंही फीत शिंप्याच्या गळ्यांत आली. पण फितीला लांबी कळते, ठेवण कळत नाहीं. चौतीस इंच छातीचे दोन गृहस्थ, एक ताठ आणि एक पोक काढलेला, यांना एकच कोट बसत नाहीं. पोक असलेल्याच्या कोटाला पाठींत कापड अधिक लागतें व पुढें कमी. ओसरीवर कमावलेली ती जुनी नजर येथें कामास आली.

या नव्या पोषाखाचीं गिऱ्हाइकें या दुष्काळी मुलखांत आणलीं पाण्यानें. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या भागांत नीरेचा डावा कालवा वाहूं लागला, मागोमाग ऊंस आला आणि रोकड पैसाही. १९१४ मध्यें दौंडहून बारामतीस अरुंद मापाचा लोहमार्ग झाला. इंदापूर तालुक्यांत कळंबच्या माळावर शेठ वालचंद हिराचंद यांनीं १९३० नंतरच्या वर्षांत साखर कारखाना उभारला व त्याच्याभोंवतीं वालचंदनगर वसलें. कालवा-कचेरींतील कारकून, आगगाडीचा मास्तर, कारखान्याचा फिटर, शाळेंतील विद्यार्थी हीं सर्व मापाचे कपडे घालणारीं माणसें. आणि त्यांच्यापैकीं बहुतेकांजवळ कोट एकच.

म्हणून कपडा वाढविणें व आंवळणें हा शिंप्याचा नवा कपडा शिवण्याइतकाच मोठा धंदा होऊन बसला. मुलांसाठीं तर ‘वाढत्या अंगाचे’ कपडे शिवण्याची चालच होती. सदऱ्याच्या खालीं चार बोटें दुमड, बाहीच्या तोंडाशीं दोन बोटें, विजारीच्या पायाशीं तशीच पट्टी. दर जूनमध्यें एकेक टीप उसवायची आणि मुलगा त्याच कपड्यांत वरच्या इयत्तेंत जायचा. पहिल्या वर्षीं तो त्यांत हरवलेला दिसे, दुसऱ्या वर्षीं बरोबर दिसे आणि तिसऱ्या वर्षीं मनगटें बाहेर येत. उसवलेल्या दुमडीची रेघ आणि तिच्याखालचें न विटलेलें कापड पाहून मुलगा किती वाढला हें कोणालाही सांगतां येई. प्रौढांच्या विजारीस मागच्या मधल्या शिवणींत शिंपी इंच-दीड इंच माया ठेवी. पोट सुटलें म्हणजे तेथून कंबर सोडतां येई. कोटाच्या काखेखालच्या शिवणींतही अशीच तरतूद असे. कंबर कमी करणें त्या मानानें सोपें. पण तेंही मर्यादेंतच. मागून फार आंत घेतलें तर दोन्ही खिसे एकमेकांजवळ येतात आणि आसनांत चुण्या पडतात. खांदा मात्र जाणता शिंपी सहसा उसवीत नाहीं. बाही, गळा व पाठ हीं सर्व त्यावर टांगलेलीं असतात, आणि एक टांका हलविला कीं सर्वच हलवावे लागतात. “कंबर सोडीन, खांदा सोडणार नाहीं” असें सांगणारा कारागीर गिऱ्हाइकाचे पैसे वांचवीत असतो.

या मायेची खरी परीक्षा दुसऱ्या महायुद्धांत झाली. गिरण्यांचें पुष्कळ कापड लष्कराकडे वळलें, भाव कडाडले, आणि जून १९४३ मध्यें सरकारनें सुती कापड व सूत यांवर नियंत्रणाचा हुकूम काढला. विलायतेंतही तीच स्थिति होती. तेथें १९४२ मध्यें कापड वांचविण्यासाठीं पुरुषांच्या विजारींना पायाशीं उलटी पट्टी ठेवण्यास मनाई झाली; तेव्हां कित्येक गृहस्थ मुद्दाम लांब विजारी विकत घेऊन ती पट्टी घरीं घालून घेऊं लागले. आपल्याकडे ज्यांचा कोट विटला होता त्यांचा कोट शिंपी पुरा उसवी, आंतली बाजू बाहेर आणी आणि पुन्हां शिवून देई. आंतील कापडाला ऊन लागलेलें नसल्यानें तो नवा दिसे. वरचा खिसा तेवढा उजव्या बाजूला गेलेला असे, आणि जाणत्याला त्यावरून सर्व उमजे. ज्या वर्षांत कापड मिळत नव्हतें त्या वर्षांत पूर्वीच्या शिंप्यानें आंत ठेविलेलें बोटभर कापडच अनेक घरांची अब्रू राखून गेलें.

मायेचा ऱ्हास सुरू झाला तो कापडाच्या दुर्भिक्षानें नव्हे, विपुलतेनें. तयार कपड्यांचा धंदा मोठा झाला तो अमेरिकेंत. १८६१ ते १८६५ च्या यादवी युद्धांत लाखों सैनिकांसाठीं गणवेश शिवावे लागले. त्यांच्या मापांवरून ठराविक आंकडे बसविण्यांत आले आणि युद्धानंतर नागरिकांचे कपडेही त्या आंकड्यांवर निघूं लागले. आपल्याकडे खेडोपाडीं तयार सदरा व विजार यांनीं जम बसविला तो विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत. त्याआधीं टेरिलिन-टेरिकॉट आलें होतें. हें कापड लवकर झिजत नाहीं, पण उसवलें कीं जुन्या टाक्यांच्या भोंकांची रांग अंगावर ठेवून जातें. सुती कापड धुवून, इस्त्री करून ती खूण बरीच मिटविते. हें कापड मिटवीत नाहीं.

कारखान्याच्या कापणीचें गणित निराळें असतें. कापडाचे थरावर थर रचून ते एकदम कापले जातात. हजार विजारींमागें प्रत्येकीं एक इंच लांबीचें कापड वांचलें तर एकंदर पंचवीस मीटरांहून अधिक वांचतें. म्हणून तेथील व्यवस्थापकाच्या दृष्टीनें माया म्हणजे नुसकान. शिवण टांकतांनाच कडेचें कापड यंत्राच्या पात्यानें छाटलें जातें आणि कडेवर दोऱ्याची वीण बसते. आंत उरतें तें जेमतेम अर्धा इंच. असा कपडा लहान करतां येतो, मोठा करतां येत नाहीं.

या घडामोडीचीं दोन्ही टोकें आज बारामतींतच पाहावयास मिळतात. केंद्र सरकारनें २००५ मध्यें एकात्मिक वस्त्रोद्योग उद्यानांची योजना काढली. तिच्या आधारानें बारामतीच्या औद्योगिक वसाहतींत असें उद्यान उभें राहिलें आणि आसपासच्या गांवांतील स्त्रिया तेथें यंत्रावर कपडे शिवूं लागल्या. ज्या घरांत पूर्वीं स्त्रीला स्वतःच्या मिळकतीची वाट नव्हती तेथें पगार आला, हें त्या उद्योगाचें मोठें श्रेय आहे. मात्र त्या स्त्रीच्या हाताखालून जाणारा कपडा कोणाच्या अंगावर जाणार हें तिला ठाऊक नसतें. तिच्यापुढें मनुष्य नसून आंकडा असतो. तोच कपडा दुकानांतून विकत घेऊन गिऱ्हाईक पेठेंतील शिंप्याकडे जातें, कारण आंकड्याइतकें नेमकें अंग कोणाचेंच नसतें. विजार चार बोटें लांब, सदरा खांद्यांत बरोबर पण पोटांशीं पिशवीसारखा, बाही आंगठ्यापर्यंत. शिंपी विजारीचा पाय आंखूड करतो, बगलेच्या शिवणी आंत घेतो, मनगटाची पट्टी काढून बाही कापतो व ती पुन्हां बसवितो. कारखान्यानें न पाहिलेलें अंग अखेर तोच पाहतो.

हें काम दिसतें त्याहून अवघड आहे. नवा कपडा शिवणाऱ्याच्या हातीं सर्व कापड असतें. दुरुस्त करणाऱ्याला दुसऱ्याच्या कापणीच्या मर्यादेंत राहून मार्ग काढावा लागतो. तरीही त्याचें मोल सामान्यतः चिल्लर काम म्हणून होतें, आणि उसवण्यांत गेलेला वेळ कोणी हिशेबांत धरीत नाहीं. जुन्या म्हणींतला संशय गेला, त्याच्या जागीं घासाघीस आली. सोडण्याचें काम जवळजवळ संपल्यानें कौशल्याची एक बाजूच गंजत चालली आहे. ज्या उमेदवारानें केवळ आंत घेण्याचेंच काम पाहिलें, त्याला माया किती व कोठें ठेवावी हें कळणार कसें? ही विद्या पुस्तकांतून येत नाहीं. वर्षानुवर्षें तींच माणसें, तेच कपडे पुन्हां पुन्हां हाताखालून गेल्यानें ती येते. पेठेंतला एक जाणता शिंपी यंत्र झांकून उठला म्हणजे त्या पेठेंतील शेंकडों लोकांच्या अंगांची ओळखही त्याच्याबरोबर उठून जाते.

हा ऱ्हास सर्वस्वीं आवरणें कोणाच्या हातीं नाहीं, आणि तयार कपड्यानें गरिबाच्या अंगावर धड वस्त्र आलें हेंही विसरून चालणार नाहीं. परंतु कांहीं गोष्टी प्रत्येक गृहस्थाच्या हातीं आहेत. तयार विजार घेतांना ती उलटी करून मागची मधली शिवण पाहावी. तेथें इंचभर कापड असेल तर ती विजार दोन-तीन वर्षें अधिक सोबत करील. खांदा बरोबर बसतो तोच सदरा किंवा कोट घ्यावा. बाकीचें शिंप्याला सांभाळतां येतें. मुलाच्या लग्नाचा कोट शिवावयास टाकतांना “आंत माया ठेवा” एवढें स्पष्ट सांगावें, आणि त्यासाठीं लागणारें पाव मीटर कापड मागितलें तर कपाळास आंठी घालूं नये. तें कापड शिंप्याच्या पेटींत जात नाहीं. दहा वर्षांनीं तोच कोट जेव्हां सोडावयाची वेळ येईल, तेव्हां तें त्याच शिवणींत सांपडेल.